झोपलेला नववा डबा

त्याला सगळं ऑफिस 'डुलकी' म्हणायचं. दुपारचं जेवण झालं की खुर्चीतल्या खुर्चीत दहा मिनिटं डोळे मिटायचे आणि अकराव्या मिनिटाला कुणी हाक न मारता उठून कामाला लागायचं, ही त्याची तीस वर्षांची सवय. त्याला हसणारी मंडळी दिवसभर टक्क जागी असायची. काम मात्र डुलकीच करायचा, पण ते कोण बघतो!

पाणीखात्याची यंत्रं त्याच्याकडे होती. शहराच्या मधून जाणाऱ्या नाल्याच्या काठी त्यानं बारा खांबांवर बारा डबे बसवले होते. प्रत्येक डब्यात काडेपेटीएवढा कॉम्प्युटर आणि एक बॅटरी, वर ताटाएवढं सोलर पॅनेल, बाजूला भोंगा. डबा दर दहा मिनिटांनी जागा व्हायचा, पाणी कुठवर आलंय ते मोजून ऑफिसला कळवायचा आणि परत झोपायचा. पाणी लाल रेषेला लागलं, तर आपल्या गल्लीत भोंगा वाजवायचा. असं झोपून झोपून काम केलं की उन्हाशिवायही तो बारा दिवस तग धरायचा. सतत जागा ठेवला, तर दोन दिवसांत बॅटरी खलास.

"माझेच गुण घेतलेत लेकाच्यांनी," डुलकी कौतुकानं म्हणायचा.

मग नवे साहेब आले. साहेब हौशी. आल्या आल्या त्यांनी केबिनमध्ये भिंतभर स्क्रीन लावून घेतली. जागा डबा हिरवा ठिपका, झोपलेला डबा करडा ठिपका.

"हे करडे कसले?" साहेबांनी विचारलं.

"झोपलेत ते, साहेब."

"झोपलेत? कामाच्या वेळेत?"

साहेब चेष्टा करताहेत असं वाटून डुलकी हसला. हसायला नको होतं. संध्याकाळी हातात मेमो पडला: 'आपण स्वतः कामावर झोपता ते झोपता, वर यंत्रांनाही तेच वळण लावले आहे. सर्व डबे तात्काळ जागे करावेत.'

"अहो साहेब, ऊन गेलं तर बॅटऱ्या टिकायच्या नाहीत," तो सांगायला गेला.

"बॅकअप आहे ना आपल्याकडे!"

होता की! डब्यांसाठी म्हणून डुलकीनं भांडून मागवलेल्या बारा नव्याकोऱ्या बॅटऱ्या स्क्रीनखाली ओळीनं जोडलेल्या होत्या. गुरुवारी वरून पाहुणे यायचे होते. नेमकी तेव्हाच वीज गेली आणि स्क्रीन काळी पडली तर साहेबांची काय शोभा राहिली? बॅटऱ्या दिसू नयेत म्हणून पुढं एक कुंडी ठेवली होती. झाड प्लॅस्टिकचं.

डुलकीच्या नोकरीचे अकरा महिने उरले होते. या वयात कुठं वाद घाला? त्यानं मुकाट्यानं एकेक डबा जागा करायला घेतला. नवव्यापाशी मात्र त्याचा हात थांबला.

नवव्या डब्याच्या गल्लीत त्याची आक्का राहायची. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. दाजी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले, खोली तळमजल्यावरची. दाजींना उचलून वर न्यायचं तर चार माणसं आणि अर्धा तास हवा. तो अर्धा तास भोंगाच देणार होता.

डुलकीनं इकडं तिकडं पाहिलं आणि नववा डबा झोपलेलाच ठेवला. एक ठिपका करडा दिसला तर बिघाड म्हणून खपेल, बारा दिसले तर आपण घरी जाऊ. हिशेब अगदी पक्का होता. शहाणाच तो!

तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं आणि ऊन गेलं ते गेलंच. मंगळवारी डुलकी फेरीला गेला, तर अकराच्या अकरा डबे गार. धापा टाकत तो केबिनमध्ये शिरला.

"साहेब, अकरा डबे मेलेत!"

साहेबांनी मान वळवून भिंतीकडं पाहिलं. "कुठं? अकरा तर हिरवेगार आहेत."

"शेवटचा निरोप आला तेव्हा जागे होते, म्हणून हिरवे दिसतात. त्यानंतर निरोपच नाही. स्क्रीन जुनंच धरून बसलीय!"

"मेलेला हिरवा कसा असेल हो? मला तो एक करडा दिसतोय. आधी त्याचं बघा."

"या खालच्या बॅटऱ्या तरी द्या."

"पाहुणे जाऊ देत. शुक्रवारी न्या."

पालथ्या घड्यावर पाणी! आणि खरं पाणी शुक्रवारची वाट बघत नसतं. ते बुधवारी भर दुपारी आलं.

नववा डबा जागा झाला, त्यानं पाणी मोजलं आणि भोंग्यानं गल्ली दणाणून सोडली. शेजाऱ्यांनी दाजींना खाटेसकट वर नेलं. आक्काची पिठाची बरणीसुद्धा भिजली नाही.

बाजारापलीकडच्या चौथ्या गल्लीत काहीच वाजलं नाही. तिथल्या शिंप्याची म्हातारी आई खाटेवर छातीभर पाण्यात तासभर बसून होती. लोकांनी दार फोडून तिला काढलं. जगली, पण तिची वाचा गेली.

गुरुवारी पाहुणे आले आणि पेपरासाठी साहेबांचा फोटो काढला गेला. मागं भिंतभर स्क्रीन, अकरा हिरवे ठिपके. डुलकीला दुसरा मेमो मिळाला: 'नववा डबा आदेश मोडून झोपलेला का आढळला, याचा लेखी खुलासा करावा.'

मेमो खिशात घालून तो चौथ्या गल्लीत गेला. शिंप्याची बायको गिऱ्हाइकांचे ओले कपडे पिळत होती. तिनं ना आरडाओरडा केला, ना शिव्या दिल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भाऊ, तुमच्या बहिणीकडचा डबा झोपला होता म्हणून ती माणसं वाचली, म्हणतात. खरं का?"

"हो."

"मग आमचा का नाही झोपवलात?"

ती खरंच विचारत होती. डुलकीला स्वतःची लाज वाटली. साहेबांना झोप म्हणजे काय ते कळत नव्हतं. याला तर सगळं कळत होतं.

त्या दुपारी खुर्चीत त्याला डुलकी लागली नाही. त्यानं कागद ओढला आणि खुलासा लिहिला: 'नववा डबा मी झोपवला. बाकीचे अकरा झोपवले नाहीत, हा माझा गुन्हा.'

सही करून त्यानं कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. मग कुंडी बाजूला सारली, बाराही बॅटऱ्या सोडवून हातगाडीवर घातल्या आणि सगळ्यांत आधी चौथ्या गल्लीत गेला.