राजाची अडीच घरं

आमच्या पंचवटीतल्या फ्लॅटमध्ये देवघराच्या बरोबर समोर बुद्धिबळाच्या जगज्जेत्याचा फोटो आहे. माझ्या मुलाने लावलाय. मी देवाला हात जोडते तेव्हा जगज्जेत्याकडे माझी पाठ होते, आणि मुलाला ते खटकतं. वाद मग तिथूनच सुरू होतो.

"आई, या एका माणसाने देश बदलला. आधी हा रिकामटेकड्यांचा उद्योग होता. आज गल्लीगल्लीत क्लास आहेत. पोरं मोबाइल टाकून पटावर बसतात."

"मोठाच आहे तो, नाही कोण म्हणतं? पण ब्रह्मगिरीचा डोंगर मोठा म्हणून कुणी उचलून स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवतं का?"

"तुला त्यातलं कळत नाही."

हे मात्र झोंबतं. मी हरसूलकडची. बाजाराच्या दिवशी वडील दारात पट मांडायचे. देशी डाव. त्यात राजाला शह बसलेला नसेल तर एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते, आणि प्याद्याने केलेली मात सगळ्यात मानाची. सतराव्या वर्षी मी वडिलांवर प्यादेमात केली. त्यांनी आपल्या हत्तीची वाट मुद्दाम अडवून ठेवली होती, हे शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. मला दिसलं नाही. मी बाजारभर वेणी उडवत फिरले, जणू अटकेपार झेंडा लावून आले होते. वर जाहीर केलं, मला हरवेल त्याच्याच गळ्यात माळ घालीन. घातली कुणाच्या? ज्याला उंट कुठला आणि हत्ती कुठला हे मरेपर्यंत कळलं नाही, त्याच्या!

तोच पट मी नातीपुढे मांडला. राजाने उडी मारली की ती टाळ्या पिटायची. मग माझ्या मुलाला तिच्यात जगज्जेती दिसली. क्लास आला, लॅपटॉपवरचे सर आले. आता ती पटावर बसली की भुवईचे केस उपटते. डावी भुवई अर्धी गेली आहे.

यंदा तिची नववी संपली. मुलाने ठरवलं, शाळा बंद, दहावी बाहेरून द्यायची आणि दिवसभर खेळ. तिला शाळा हवी होती. वर्ग हवा होता, डबा वाटून खाणाऱ्या मैत्रिणी हव्या होत्या. ती जेवताना एकदाच तसं म्हणाली. सूनबाईने तिची बाजू घेतली, तेव्हा मुलाने शब्द दिला, "निवड स्पर्धेत हरलीस तर खुशाल शाळेत जा. मी अडवणार नाही."

शेवटची फेरी. आम्ही काचेच्या दाराबाहेर उभे. मुलगा कुजबुजला, "जिंकतेय." तेवढ्यात नातीने राजा उचलला आणि अडीच घरांवर नेऊन ठेवला. समोरच्या मुलीने हात वर केला. पंच आले. स्पर्धेच्या नियमात अशी उडी नाही, पण राजाला हात लागला म्हणून राजाच हलवणं भाग पडलं. त्या खेळीपायी वजीर गेला, पाठोपाठ डाव गेला.

गाडी निघाली. मग सूनबाई म्हणाली, "अहो, शाळेचं..."

"शाळेचं काय? ही हरलीच कुठे? आईचे गावठी नियम तिच्या हातात बसलेत, ते हरले. हिचा खेळ जिंकतच होता."

"शब्द दिला होतात तुम्ही."

"हरली असती तर पाळला असता."

मी म्हटलं, "वा रे! म्हणजे आता हरणंसुद्धा पोरीच्या मालकीचं नाही?"

एरवी माझ्या अशा बोलण्यावर नात तोंड दाबून हसते. त्या दिवशी ती खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी आल्या आल्या माझा लाकडी पट माळ्यावर गेला. जून आला, शाळा उघडली, ती गेली नाही. फोटोवरून आमचा वाद चालूच आहे. मुलगा म्हणतो, त्याच्यामुळे घराघरात स्वप्नं आली. मी म्हणते, आली खरी, पण झोप कुणाची मोडून? त्यावर तो टीव्हीचा आवाज वाढवतो.

परवा दुपारी मी गॅलरीत मेथी निवडत होते. खालून गणवेशातल्या पोरी चालल्या होत्या, एकीच्या छत्रीत तिघी. नात येऊन शेजारी बसली. मेथीची एक काडी घेऊन तिची पानं खुडू लागली.

"आजी, मला माहीत होतं."

"काय गं?"

"राजा तिथे तसा चालत नाही ते. मी चालवला. साधी चूक केली असती तर पप्पांनी लगेच ओळखलं असतं, मुद्दाम केली म्हणून. ही चुकून झाली असं वाटेल, असं वाटलं."

आत लॅपटॉपवरून सरांची हाक आली. ती उठली, दारात थांबली.

"आजी, अशी एखादी चूक सांग ना, जी फक्त माझी वाटेल."

आतून पुन्हा हाक आली. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.