हौसाच्या बांगड्या

हौसाच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांवरून अख्ख्या कोन गावानं तोंडसुख घेतलं. तिचा नवरा राघो खाडीत रेती काढायचा. बादली घेऊन बुडी मारायची, तळाची रेती भरायची, वर यायचं. एके दिवशी खाली गेला तो वर आलाच नाही. प्रेतही सापडलं नाही. भावकी म्हणाली, दर्भाचा पुतळा जाळू, म्हणजे सगळं रीतीनं होईल. हौसा खवळली. "माझा नवरा काय गवताचा हाय?" तिनं ना पुतळा जाळू दिला, ना बांगड्या फोडल्या. दर नारळी पुनवेला मात्र खाडीच्या धक्क्यावर जाऊन त्याच्या नावानं नारळ सोडायची. बाई भारी हट्टी, हो!

पुढं गुडघे गेले आणि धक्काही सुटला. आता चार पावलं टाकली की दम लागू लागला, तेव्हा तिनंच मनाशी ठरवलं. उद्या डोळे मिटले, तर हिरवं लुगडं नेसवायचं की पांढरं, पोरांनी कुणाला विचारायचं? एकदा धक्क्यावर जायचं, त्याला सांगायचं आणि तिथंच बांगड्या उतरवायच्या.

त्याच सुमारास तिच्या लेकानं, जीवननं, जुनी ट्रॅव्हलर गाडी घेऊन आत पलंग, शेगडी, नळ, पडदे असं सगळं बसवलं. तो तिला कॅरॅव्हॅन म्हणे, हौसा घरगाडी. पहिली सहल आपल्याच भिवंडीत, असं ठरलं. सून दिपाली, नात नेत्रा, सगळी निघाली. हौसानं ओटीत नारळ घेतला होता; बांगड्या उतरवायला धक्क्यावर थांबायचं, असं तिनं सगळ्यांना बजावलं होतं.

पण गाडी खाडीकडं जाईच ना! धामणकर नाक्यावर तासभर अडकली. आजूबाजूला लूमची खडखड चालली होती. दिपालीनं आत चहा केला, नेत्रानं सगळ्याचे फोटो काढले. मग जीवननं गाडी काढली ती थेट वडप्याला. एक गोडाऊन संपलं की दुसरं, त्याच्यामागं तिसरं.

"अरे, खाडी कुटं हाय? आपण भलतीकडंच चाललोय," हौसा म्हणाली.

"जाऊ ना, आये. आधी पोरीला फिरवू."

जेवणं झाली, ऊन कललं, तरी तो फिरवतच होता. हौसा काही खुळी नव्हती. "जीवन, गाडी वळव," ती ओरडली, "न्हायतर मी इथंच उतरते."

कोनच्या मागच्या अंगाला रस्ता एका गोडाऊनच्या मोठ्या गेटापाशी संपला. वॉचमन धावत आला. "माताजी, पीछे कुछ नहीं है. दीवार है."

"धक्का कुटं गेला?"

जीवननं स्टेअरिंग सोडलं नाही. "इथंच हाय, आये. ह्याच्या खाली."

"भराव कुनी टाकला?"

दिपालीनं मान खाली घातली. नेत्राचा मोबाईल मांडीवर पडला.

"माझेच डंपर होते." मग तो घाईघाईनं म्हणाला, "पण पहिला डंपर ओतायच्या आधी मी नारळ फोडला, आये. खाडीची रजा घेतली. सगळं रीतीनं केलं."

पोराला ते खरंच वाटत होतं, हेच वाईट. नारळ फोडला की सगळं माफ, असं लहानपणापासून बघत आला होता.

"खाडीला इचारलंस," हौसा म्हणाली. "बापाला इचारलंस?"

जीवन हुंदके देऊन रडू लागला. हौसाला त्याची दया आली नाही. तिला नुसतं थकल्यासारखं झालं. घरगाडी कशाच्या पैशातून उभी राहिली, तेही तिला आत्ता कळलं.

दिपाली हळूच म्हणाली, "आई, बांगड्या इथंच उतरवा ना. जागा तर तीच आहे."

हौसानं गाडीतल्या नळाखाली हात ओले केले, साबण लावला. एक बांगडी बोटांच्या पेरांपर्यंत आली. गेटातून एक कंटेनर आत गेला, त्याच्या धडधडाटानं खिडकीची काच थरथरली. हौसा त्या काँक्रीटकडं बघत राहिली.

"हितनं त्याला ऐकू जाईल?"



तिनं बांगडी परत मनगटावर सारली आणि हात पदरात घेतला. नारळ पलंगावर ठेवला.

"चला घरी," ती म्हणाली. "लुगड्याचं तुमचं तुम्ही बघा."