बाबांच्या पेनाचं सोनं

बाबा गेल्यानंतर महिनाभराने आईने कपाटातून त्यांचं पेन काढून माझ्या हातात दिलं. जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात ते गुंडाळलेलं होतं.

"नांदेडला चाललीसच तर दाखव कुण्या जाणत्याला," ती म्हणाली. "कुठलं हाय, काय किमतीचं हाय, विचार. माझं सोनं हाय माय ते."

ते तिचं सोनं कसं झालं, हे आमच्या लातूरच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मला शिकायला नांदेडला ठेवायचं ठरलं तेव्हा आईच्या पाटल्या मोडल्या. त्या पुन्हा झाल्या नाहीत. बाबा शाळेत मास्तर होते. पगारात घर चालायचं, पाटल्या होत नसत. मग एक दिवस त्यांनी सदऱ्याच्या खिशाला हात लावला आणि म्हणाले, "तुझं सोनं इथं आहे. मी आहे तोवर मी वापरतो, नंतर तुझं." हे पेन त्यांना त्यांच्या पहिल्या हेडमास्तरांनी निवृत्त होताना दिलेलं. ते हेडमास्तर हैदराबादेत शिकलेले, घरंदाज. त्यांनी दिलेलं पेन सोन्याचं नसेल, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारं म्हणून विळी, अडकित्ता आणि ते पेन पूजेला असायचं. आदल्या दिवशी आई अंगणात बसून ते घासायची. बाबा शेजारी पेपर वाचत बसलेले असत.

"हळू. सोनं झिजतं."

"झिजलं तर माझं झिजंल. तुमचं काय जातंय?"

हे संभाषण दर वर्षी व्हायचं. दोघांनाही त्यात काय गंमत वाटायची कोण जाणे.

नांदेडला सराफाने पेन नुसतं हातात तोललं आणि मला जुनी पेनं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानदाराकडे पाठवलं. तो पन्नाशीचा, बोलका माणूस होता. त्याने टोपण काढलं, निब भिंगाखाली धरली.

"निब सोन्याची आहे ताई. चौदा कॅरेट. बघा, हा आकडा."

मी भिंगातून पाहिलं. आकडा दिसला. निबेचं टोक एका बाजूने झिजलं होतं, बाबांच्या अक्षराच्या तिरकेपणाला जुळेल असं. त्या टोकाकडे मी बराच वेळ बघत राहिले असावे, कारण त्याने हलकेच भिंग परत मागितलं.

मग त्याने पेनाची दांडी उजेडात फिरवली, अंगठ्याने चाचपली.

"दांडी आणि टोपण मात्र पितळेचं. वर सोन्याचा मुलामा होता. चांगला जाड होता. आणि इथं, या जागी, कंपनीचं नाव कोरलेलं असतं. ते असतं ना, तर पुण्या-मुंबईचे शौकीन लोक तुमच्या दारात आले असते. पण नाव पार गेलंय. मुलामाही गेलाय. वापरून असं होत नाही." तो हसला. "घरात भांडी घासायची हौस दिसतीय कुणाला तरी!"

मी काउंटरवर पडलेला धोतराचा तुकडा सरळ केला.

"कशानं घासायचे?" त्याने विचारलं.

"रिठ्यानं," मी म्हणाले. लहानपणी पाहिलेला रिठ्याचा फेस मला आठवत होता.

"रिठ्यानं इतकं जात नाही ताई. हे चिंचेचं काम आहे. चिंच आणि राख."

आता जो भाव मिळेल तो निबेचा, तिच्या वजनाचा. निब काढून ठेवू का, असं त्याने विचारलं. मी नको म्हणाले आणि पेन पुन्हा त्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलं.

लातूरला परतताना अहमदपूरपर्यंत मी वाक्यं जुळवत होते. पितळ हा शब्द टाळून आईला हे कसं सांगायचं, ते काही सुचेना. बाबांनी तिला दिलेला एकच शब्द होता, आणि तो मीच खोटा ठरवायचा होता.

आई गवारीच्या शेंगा मोडत बसली होती.

"काय म्हणला गं त्यो?"

"निब सोन्याची आहे म्हणाला."

"आन् बाकी?"

मी पाणी प्यायला उठले. ती मागून म्हणाली, "पितळ हाय ना?"

मी वळून पाहिलं. तिचे हात थांबले नव्हते.

"आधी रिठ्यानंच घासायची मी. मग एका वर्षी टोपणाला हिरवं आलं. सोन्याला कधी हिरवं येतं का? जलमभर पितळ घासलंय, मला कळंना व्हय? त्यांना दिसू नये म्हणून चिंच लावाय लागले. चकचकीत दिसलं की ते खूश."

"मग मला कशाला पाठवलंस?"

शेंगांचे तुकडे ताटात पडत राहिले.

"म्हटलं, मलाच कळत नसंल," ती म्हणाली. "कुणी शाना माणूस सोनं म्हणला तर म्हणला."

मग तिने विचारलं, "कुण्या कंपनीचं हाय, ते कळलं का?"

"नाही," मी म्हणाले. "नाव दिसत नाही आता. जुनं आहे ना."

"हाव, लई जुनं हाय," ती म्हणाली.

बाबांना हे ठाऊक होतं का? सोनं झिजतं, असं ते दर वर्षी म्हणायचे, तेव्हा पेपराआडून ते आईच्या पुढ्यातली चिंच बघत असतील का? विचारायला आता कुणी नाही.

बाबांचं वर्ष व्हायचं होतं, म्हणून यंदा घरात सण नव्हता. पूजा झाली नाही, पेन कुणी घासलं नाही. परवा आईने मला कपाटापाशी बोलावलं आणि ते दाखवलं. क्लिपच्या खाली, टोपणाच्या कडेला, हिरवी रेघ आली होती. तिने त्या रेघेवरून एकदा अंगठा फिरवला, आणि तसंच गुंडाळून ठेवलं.