मोटरीच्या काळ्या पट्ट्या

आमच्या घरात एक गोष्ट अजून हसत हसत सांगितली जाते. अकोल्याच्या एका पेंटरनं ऐन लग्नात आमची मोटर कशी बिघडवली, ही ती गोष्ट. ती खोटी आहे. मोटर मी बिघडवली.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. अमरावतीजवळ आमचा संत्र्यांचा आणि भाजीपाल्याचा मळा होता. थोरल्या दादांनी बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाची जुनी मोटर घेतली होती. अंगाचा रंग ठीक होता. पण मडगार्डच्या कडा, खिडक्यांच्या पट्ट्या आणि दिव्यांची कडी गंजली होती. दादांच्या मुलीचं लग्न बाळापूरच्या मुलाशी ठरलं होतं आणि नवरदेवाला याच मोटरीतून अमरावतीला आणायचं होतं. दादांनी मला आठ दिवस आधी मोटर घेऊन अकोल्याला बहिणीकडे पाठवलं. पट्ट्या तिथल्या पेंटरकडून काळ्या करून घ्यायच्या आणि नवव्या दिवशी बाळापूर गाठायचं, असा हुकूम होता.

पेंटरचं दुकान तांगा स्टँडला लागून होतं. शहरातले बहुतेक तांगे त्याच्याच हातचे. त्यानं गंज नखानं खरवडून पाहिला आणि पूर्ण आठ दिवस मागितले. मी म्हणालो, आम्ही आमच्या मळ्यातल्या बैलबंड्या दर वर्षी घरीच रंगवतो, दीड दिवसात. तो म्हणाला, "लाकूड तेल पिते भाऊ, लोखंड पीत नाही. उकळलेलं तेल पाह्यजे, अन् एकेक हात वाळू द्या लागते. वांग्याच्या वाफ्यात येऊन मी तुमाले शिकवतो काय?"

तिथे बसलेले तांगेवाले हसले. मी मोटर वळवली.

कारागीर आपलं काम अवघड असल्याचं भासवतातच, अशी मी स्वतःची समजूत घातली. बाजारातून काळा रंग आणला, बहिणीच्या स्वयंपाकघरातलं घाण्यावरचं जवसाचं तेल त्यात कालवलं आणि अंगणात कुंचला चालवला. स्वतः रंगवायला बसलो याची मला आजही लाज वाटत नाही. आपल्या वस्तूला आपण हात लावायचा नाही तर कोणी? पट्ट्या चकाकल्या. बोटाला रंग लागत होता. थंडीमुळे असेल म्हणून मी सोडून दिलं.

कापसाचा हंगाम होता. बाळापूरहून निघालो तेव्हापासून रस्ताभर कापसाच्या गाड्यांची रांग आणि हवेत नुसते पुंजके उडत होते. ओल्या तेलावर ते सगळे येऊन बसले. अमरावतीला मांडवापाशी मोटर थांबली तेव्हा एकही पट्टी काळी उरली नव्हती. वरबाप उतरले आणि दादांना म्हणाले, "इवाई, तुमची मोटर तं बाळापूरपासून इथपर्यंत येता येताच म्हातारी झाली. दाढीमिशा पाहा तिच्या." नवरदेवाच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीला काळा पट्टा लागला होता, त्यावरून वेगळं हसणं झालं. दादा मान खाली घालून उभे होते. त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, पेंटरनंच रंगवली.

पंधरा दिवसांनी दादा मला घेऊन त्याच मोटरीनं अकोल्याला गेले आणि भर तांगा स्टँडवर त्यांनी पेंटरला नको नको ते बोलून घेतलं. त्यानं शांतपणे पट्टीवरचा रंग खरवडला, वास घेतला. "हे खायचं कच्चं तेल हाये. ही मोटर माह्या दुकानात राह्यलीच नाही. तुमच्या भावाले विचारा."

दादा माझ्याकडे वळले. "काय रे, यानंच केलं ना?"

"हो," मी म्हणालो. "यानंच."

मोटरवाल्यांच्या शब्दापुढे त्याचा शब्द कोण ऐकणार? संध्याकाळी दादा बाहेर गेलेले असताना तो बहिणीच्या दारात आला. भांडला नाही. म्हणाला, "मोटरीचं जाऊ द्या. तांगेवाल्याईसमोर जे बोलले, ते तांगेवाल्याईसमोरच परत घ्या. मले दुसरं काही नको." उद्या येतो, असं मी म्हणालो आणि सकाळीच दादांबरोबर अमरावतीला निघून आलो.

वर्षभरात तांगे रंगायला दुसरीकडे जाऊ लागले. पुढे एकदा मी त्याला अकोल्यात शिडीवर उभा राहून भिंतीला चुना मारताना पाहिलं. त्यानंही मला पाहिलं. मी रस्ता बदलला.

हे लिहू नये, असं माझ्या मुलांचं म्हणणं आहे. दादांच्या माघारी त्यांची अब्रू कशाला काढायची, असं ती विचारतात. दादांची अब्रू यात कुठेच जात नाही; त्यांनी सख्ख्या भावावर विश्वास ठेवला, एवढंच त्यांनी केलं. आणि माझी गेली तर जाऊ द्या, त्या माणसाची गेली तेव्हा आमच्यापैकी कोणाला झोप लागली नव्हती?

ज्यांच्यासमोर सांगायचं होतं ते तांगेवाले आता उरले नाहीत. म्हणून वाचणाऱ्या प्रत्येकासमोर सांगतो: तो पेंटर आपल्या कामात पक्का होता, तो खरं बोलत होता आणि त्या मोटरीला त्याचा हातही लागला नव्हता. ज्याला ही गोष्ट जुन्या पद्धतीनंच सांगायची असेल त्यानं मी मरेपर्यंत थांबावं. तोवर माझ्यासमोर कोणी सांगितली, तर मी मध्येच तोडणार आहे.