सातव्या खेपेची खिचडी

हिंदी मुलखातल्या आमच्या पिपलानीच्या क्वार्टरमध्ये फ्रिजच्या दारावर कायम एखादी यादी असते, आणि ती माझ्या हातची असते. सासूबाई गेल्या आणि सासरे आमच्याकडे राहायला आले, त्या आठवड्यात मी बाबांसाठी वेगळी यादी लावली. सकाळची गोळी, दुपारची गोळी, बाथरूमची कडी लावायची नाही, गॅसला हात लावायचा नाही, सुरी-विळीला हात लावायचा नाही. शेवटच्या ओळीखाली मी दोनदा रेघ मारली होती, कारण त्यांचा उजवा हात कापतो. विळी तर मी वरच्या फळीवरच ठेवून दिली.

बाबा यादीतलं सगळं पाळायचे. फक्त जेवायचे नाहीत. दोन घास, पाणी, आणि ताटाला नमस्कार. चार महिन्यांत छप्पन्न किलोचे एकोणपन्नास झाले. डॉक्टर म्हणाले, महिन्याने परत आणा, वजन आणखी उतरलं तर भरती करावं लागेल. सासूबाई शेवटी ज्या वॉर्डात होत्या तो त्याच मजल्यावर होता. डॉक्टरांचं बोलणं पुरं व्हायच्या आत बाबा खुर्चीतून उठले होते.

घरी आल्यावर मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले. "काय केलं तर जेवाल, ते एकदा सांगून टाका."

"खिचडी. तुझ्या सासूची."

"काय काय घालायच्या आई त्यात?"

त्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. तांदूळ, तुरीची डाळ, वांगं, बटाटा, मटार, फ्लॉवर. हळद, तिखट, थोडा काळा मसाला. वरून हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी. सगळं एकाच कुकरमध्ये. यात न जमण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं.

ती खिचडी मी कधी खाल्लेली नव्हती. आई-बाबा दोघंही नोकरी करायचे, इथल्याच शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे, आणि खिचडी हे त्यांचं ऑफिसच्या दिवसाचं जेवण होतं. आम्ही जायचो रविवारी, तेव्हा पुरणापासून वड्यांपर्यंत सगळं असायचं. सुनेला खिचडी कोण वाढणार? नवऱ्याला विचारलं तर तो बराच विचार करून म्हणाला, "पिवळी असायची."

पहिल्या खेपेला मी माझ्या पुण्याच्या सवयीने गुळाचा खडा टाकला. बाबांनी चव घेतली. "चांगली आहे. पण ही जेवण झाल्यावर खायची." दुसऱ्या खेपेला गूळ काढला. तिसऱ्या वेळी तांदूळ बदलला, चौथ्या वेळी पाणी कमी केलं, पाचव्या वेळी डाळ आधी भाजून घेतली. एका वेळी एकच बदल, हा माझा नियम. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झालं हे कळत नाही. वहीत शेजारी बाबांचे शेरे लिहिलेले आहेत: "बरी", "बरी", "तशी नाही", "काल बरी होती".

सहाव्या खेपेपर्यंत मला बाबांच्या वजनाइतकंच त्या खिचडीचं कुतूहल वाटायला लागलं होतं. सहा जिन्नस, एक कुकर, आणि तरी कुठेतरी काहीतरी निसटत होतं. मग मी स्कूटर काढली आणि शिवाजी नगरला गेले. आईंच्या शेजारच्या काकू अजून तिथेच राहतात, आता मुलाच्या नावावरच्या क्वार्टरमध्ये. मी वही उघडून सगळं वाचून दाखवलं.

"अगं, तू तर पूरी फाइल घेऊन आलीस," काकू म्हणाल्या. "सगळं बरोबर आहे की. हेच घालायची ती."

"मग तशी का होत नाही?"

"भाजी कोण चिरतं?"

"मीच. बारीक, एकसारखी. त्यांचे दात आता पूर्वीसारखे नाहीत ना."

काकू हसायला लागल्या. "तुझी सासू कुठे चिरायची भाजी? ती यायची साडेसहाच्या बसने. भाऊसाहेब, तुझे सासरे, यायचे आधी. बाहेर व्हरांड्यात पावशी घेऊन बसायचे, पूरी कॉलनी बघायची. आम्ही चिडवायचो त्यांना. आणि चिरायचे कसे, तर वांग्याचे दोन तुकडे, बटाट्याचे दोन तुकडे. ती आली की फक्त कुकर लावायची."

पावशी म्हणजे विळी. नागपूरकडच्या घरांत तिला हेच म्हणतात. मी वही मिटली.

घरी येऊन बाबांना विचारलं, "भाजी तुम्ही चिरायचात?"

"हो."

"मग सहा वेळा खिचडी केली, तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस, आई काय घालायची. तिने घातलेलं मी सांगितलं." मग फ्रिजकडे मान करून म्हणाले, "आणि तिथे तर मनाई लिहिलेली आहे."

मी वरच्या फळीवरून विळी काढली. त्यांना जमिनीवर बसता येत नाही, म्हणून ती डायनिंग टेबलावर ठेवली, खाली ओला फडका घातला, आणि पाटावर एका बाजूने माझा हात दाबून धरला. दुसरा हात कुठे ठेवावा ते मला कळेना. त्यांचा हात कापत होता, पण बटाटा पात्याला लागला की थांबत होता. हे मी दर बटाट्याला तपासून पाहिलं. साल तशीच, बटाट्याचे दोन तुकडे. वांग्याचं देठ राखून उभे दोन. फ्लॉवरचे तर त्यांनी हातानेच तुरे मोडले.

"एवढे मोठे शिजतील?"

"तू शिट्ट्या मोज."

कुकर उघडला तेव्हा डाळ-तांदूळ एकजीव झाले होते आणि बटाट्याच्या फोडी तशाच उभ्या होत्या. बाबांनी ताटात एक फोड अंगठ्याने दाबली, वर फोडणी ओतून घेतली, आणि घासागणिक त्या फोडीचा थोडा थोडा भाग खिचडीत कालवत गेले. माझ्या खिचडीत भाजी विरघळून जायची, कालवायला काही उरतच नव्हतं. फोड संपली तसं त्यांनी ताट पुढे केलं. "अजून एक बटाटा. आणि त्याच्याबरोबर थोडी खिचडी."

यादीतली शेवटची ओळ मी त्याच दिवशी खोडली. तिच्या जागी लिहिलं: भाजी, साडेपाच वाजता, टेबलावर, कोणीतरी जवळ असताना.

महिन्याने डॉक्टरांच्या काट्यावर बाबा एक्कावन्न भरले. "क्या खिला रही हैं आप?" डॉक्टरांनी मला विचारलं. मी पर्समधून वही काढत होते, तेवढ्यात बाबा म्हणाले, "खिलाती ये हैं. सब्ज़ी मैं काटता हूँ."

वहीत सातव्या खेपेपुढचा रकाना मात्र मी कोरा ठेवला आहे. त्या दिवशी एकदम दोन बदल झाले होते: फोडी मोठ्या झाल्या, आणि चिरणारा बदलला. यातला कोणता लागू पडला, ते पाहायचं तर एकदा मी स्वतः मोठ्या फोडी करून पाहायला हव्यात. ते अजून केलेलं नाही. साडेपाच वाजले की विळी रिकामी मिळत नाही.