वारा ठाऊक नसलेला वासा

शहापूरच्या लाकूडवखारीत मी कारकून होतो. खाडीवरचा एक म्हातारा नावाडी दरसाल तिथे यायचा. दोन होड्या जोडून केलेल्या शिडाच्या नावेसाठी त्याला डोलकाठी हवी असायची. वाशाला कान लावून तो बोटाने ठोकायचा, आणि सिद्धगडाच्या उघड्या माथ्यावरून आलेला, जरा बाकदार वासाच उचलायचा.

एकदा मी त्याला दरीतला, दृष्ट लागेल असा सरळ वासा दाखवला. त्याने हात मागे घेतला.

"सावलीत वाढलाय, भाऊ. याला वारा म्हायत नाय. पयल्या वावटळीत मोडंल."

"कशावरून?"

"असाच एक मीच निवडला होता. खाली लेक बसला होता."

जाताना मात्र त्याने त्या सरळ वाशावर हात ठेवला, पोराच्या पाठीवर ठेवतात तसा.