तीन बाणांचा रस्ता

पाणी कुठून कुठं जाणार हे विचारायचं असेल तर व्हॅलेरियन लोपीसला विचारावं. वसईतल्या वाडीत, केळींना सोडलेल्या पाटाच्या कडेनं वाढलेला माणूस. पुढं ड्राफ्ट्समन झाला, कॅनडात आला, आणि व्हिटबीतल्या निम्म्या नव्या वस्त्यांची गटारं त्याच्या हातून कागदावर उतरली. चर्चबाहेर कुणी विचारलंच, तर त्याची बायको तेरेसा बिनदिक्कत सांगायची, “माझा नवरा कॅनडाची गटारं काढतो.” गटाराच्या नकाशात जागोजागी बारके बाण असतात. बाणाचं टोक जिकडं, तिकडं पाणी वाहणार, म्हणजे तिकडं उतार. तीस वर्षं तो हेच काढत आणि वाचत आला होता.

असा पक्का माणूस आज मात्र आपल्याच खिडकीत तासभर नुसता उभा होता. मार्च दोन हजार दहा, बाहेर मळकट बर्फ. तीन घरं पलीकडं त्याच्या मित्राच्या, दिलीपच्या दारात ‘सोल्ड’ची पाटी. दिलीपची बायको, चित्रावहिनी, शनिवारी घर सोडून लेकीकडं, दूर रेजिना शहरात जाणार होत्या. आज गुरुवार. व्हॅलेरियनला त्यांना एक गोष्ट सांगायची होती, आणि आठ महिने ती सांगायची त्याची छाती झाली नव्हती.

“जाणार आहेस की नाही?” तेरेसानं विचारलं. “शनिवारनंतर काय रेजिनाला फोन करून सांगणार?”

“जातो गं,” तो म्हणाला, आणि तिथंच उभा राहिला.

दिलीप नागपूरचा. डाउनटाउनला कॉम्प्युटरची नोकरी, आवाज मोठा, पोट त्याहून मोठं. दर शनिवारी सकाळी सायकल घेऊन लोपीसांच्या ड्राइव्हवेत येऊन ओरडायचा, “का बे व्हॅल, उठला का?” मग दोघं उत्तरेला, पोर्ट पेरीच्या बाजूला, शेतांमधल्या मोकळ्या रस्त्यांनी जायचे. वाटेत कुठंतरी थर्मासमधला चहा प्यायचा आणि बायकांच्या भीतीनं डोनट लपून खायचा. अठरा वर्षं हे चाललं. दोन हजार सातमध्ये दिलीपच्या छातीत दोन स्टेंट बसले. डॉक्टरनं बजावलं, सायकल चालव, पण दमछाक करणारा चढ आयुष्यात पुन्हा नाही.

दिलीपच्या ऑफिसात एक कॅलेंडर होतं. त्यात फ्रान्समधल्या डोंगराळ मुलखातला एक अरुंद रस्ता होता: दगडी गडगा, चेस्टनटची झाडं, दूरवर एक चर्च, आणि माणूस नावाला नाही. वर्ष संपल्यावर त्यानं ते पान फाडून आणलं.

“एकदा इथं जाऊ राजा,” तो म्हणाला. “गाड्या नाहीत, हॉर्न नाही. फक्त आपण दोघं.”

“आणि चढ?”

“तू आहेस ना! उतार तुझ्या बापाचे.”

झालं, व्हॅलेरियन पेटला. दक्षिण फ्रान्समधल्या आर्देश भागाचे कागदी नकाशे त्यानं मागवले आणि दोन हिवाळे बेसमेंटमध्ये दिवा लावून बसला. मोठे रस्ते लाल-पिवळे, गाड्या नसलेले बारके रस्ते पांढरे. पांढऱ्या रस्त्यांवर कुठं एक बाण, कुठं दोन, कुठं तीन. जितके बाण जास्त, तितकी घसरण जास्त, हे काय त्याला कुणी शिकवायला हवं होतं? त्यानं रोजचा रस्ता असा ओवला, की तीव्र भाग सगळे बाणाच्या दिशेनं, म्हणजे उतरणीला यावेत. दिलीपनं नुसतं ब्रेक धरून खाली यायचं. एका खिंडीपाशी दोन्हीकडचे बाण समोरासमोर आले, तेव्हा त्याला खटकलं होतं. खिंड तर उंचावर, तिथं पाणी कसं साठेल? पण नकाशाच्या कडेची खुणांची यादी वाचायची त्याला लाज वाटली. आपण काय नवशिके आहोत? तिथं तळं-बिळं असेल, असं म्हणून तो पुढं सरकला. हा गर्व! दोन मिनिटांचं काम होतं हो, फक्त दोन मिनिटांचं.

दहा दिवसांच्या रस्त्याची दहा कार्डं त्यानं स्वच्छ अक्षरात काढली, लॅमिनेट केली. मुक्कामाच्या खोल्या त्याच क्रमानं बुक झाल्या. आणि मे महिन्यात व्हॅलेरियनच्या ऑफिसानं माणसं कमी केली. उरलेल्यांना रजा बंद. तो म्हणाला, पुढच्या वर्षी जाऊ. दिलीप म्हणाला, “माझ्या छातीला पुढचं वर्ष विचारून ठेवलंय का तू?” आणि जूनमध्ये एकटाच गेला.

सातव्या दिवशी तो एका चढावर, गडग्याला टेकून बसलेला सापडला. सायकल शेजारी नीट उभी करून ठेवलेली होती. दुधाची गाडी घेऊन जाणाऱ्या माणसानं पाहिलं, तोवर सगळं संपलं होतं.

दहनाला व्हॅलेरियन सगळ्यांत पुढं होता. चित्रावहिनींची लेक अनुया रेजिनाहून आली होती, तिच्या पाठीवर हात ठेवून तो ढसाढसा रडला. दिलीप चढावर गेलाच कसा, हे मात्र त्याला उमगेना. वाट चुकला असेल, असं तो सगळ्यांना सांगत होता. पंधरा दिवसांनी ती जागा नेमकी पाहावी म्हणून त्यानं नकाशा पसरला. त्या रस्त्यावर तीन बाण होते. आणि त्या दिवशी, पहिल्यांदा, त्यानं कडेची यादी वाचली. फ्रेंचखाली बारीक इंग्रजीत लिहिलं होतं: तीव्र चढ, बाणाच्या दिशेनं.

बाण वर जात होते. सगळेच्या सगळे. दिलीपला चुकवायचा होता तो एकूण एक चढ त्यानं स्वतःच्या हातानं त्याच्या वाटेत आणून ठेवला होता.

त्यानंतर तो माणूस आटला. सायकल गराजच्या छताला टांगली. वहिनींचा फोन आला, की तेरेसानं सांगायचं, झोपलेत. ग्रोसरीत त्या लांबून दिसल्या, तर हा भरलेली ट्रॉली तिथंच सोडून बाहेर. वर्षातला पहिला बर्फ पडला तेव्हा पहाटे जाऊन त्यांचा ड्राइव्हवे शोव्हल करून आला, पण बेल नाही वाजवली. पुढं सगळा हिवाळा तसंच केलं. तेरेसा चिडायची, फादरशी बोल म्हणायची. तो म्हणायचा, कन्फेशन देवापुढं सोपं असतं.

गुरुवारी दुपारी तो शेवटी गेला. नकाशा जॅकेटच्या आत धरलेला. चित्रावहिनींनी दार उघडलं. केस पूर्ण पांढरे झाले होते. मागं हॉलभर खोकी.

“या, भावजी,” त्या म्हणाल्या. “बूट राहू द्या, घर आता आपलं नाही.”

तो बसलाच नाही. उभ्या उभ्या नकाशा एका खोक्यावर पसरला, बोट ठेवलं आणि बोलायला लागला. गटाराचे बाण, नकाशातले बाण, न वाचलेली यादी, सगळं. “वहिनी, मी मारलं त्याला,” तो शेवटी म्हणाला. “मी.”

त्या आत गेल्या आणि सायकलच्या हँडलला लावायची छोटी पिशवी घेऊन आल्या. पोलिसांनी सामानाबरोबर पाठवलेली. तिच्यात ती दहा कार्डं होती. पहिल्याच कार्डावर, लॅमिनेशनवर मार्करनं, दिलीपचं वाकडंतिकडं अक्षर होतं: ‘व्हॅल, सगळं उलटं आहे बे!’

व्हॅलेरियनच्या हातातून कार्ड पडलं.

“पहिल्या दिवशीच कळलं त्यांना,” वहिनी म्हणाल्या. “फोनवर इतके हसले, इतके हसले! म्हणे, गाढवानं अख्खा डोंगर उलटा काढला. मी म्हटलं, टॅक्सी करा. म्हणाले, खोल्या याच क्रमानं आहेत, आणि व्हॅलनं दोन हिवाळे घातलेत यात, मी ढकलत नेईन. रोज फोन यायचा. आज इतकं ढकललं, आज इतकं चढलो. तुम्हाला सांगू नको म्हणाले, आल्यावर स्वतः चिडवणार होते.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“सगळं. अन् राग आला होता, खोटं कशाला बोलू? तुमचा आला, त्यांचा आला. मी आणखी भांडले का नाही म्हणून माझा आला.” त्यांनी पदरानं नाक पुसलं. “तरी मी वाट पाहत होते. तुम्ही याल, म्हणाल, वहिनी, चुकलं. मी चार शब्द ऐकवीन, मग दोघं बसून त्यांच्या गोष्टी काढू. अठरा वर्षांचे शनिवार तुमच्याजवळ होते, भावजी. माझ्याजवळ नव्हते. बर्फ काढायचे तेव्हा वर खिडकीत उभी असायची मी. वाटायचं, आज बेल वाजवतील.”

व्हॅलेरियन खोक्यावरच्या नकाशाची घडी घालू लागला.

“ते गेले ते गेलेच,” चित्रावहिनी म्हणाल्या. “तुम्ही का गेलात?”

वहिनींनी पिशवी त्याच्या हातात दिली, मग टेपचं रीळ उचललं आणि समोरच्या खोक्याकडं वळल्या. झाकण बसत नव्हतं. त्यानं ते दोन्ही हातांनी दाबून धरलं, आणि त्यांनी टेप मारली.